लुगड्याचा काच

माझी अक्का माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. अक्काने मला करमाळ्याहून आपल्या सासरी, सोलापूरला आणलं ते आपल्या मांडीवर बसवूनच. भावोजी हायस्कुलात मास्तर होते. त्या घरात मी लहानाची मोठी झाले, त्याच घरातून लग्न होऊन गेले आणि दीड वर्षात कपाळ पुसून त्याच घरात परत आले. तेव्हा मला अठरावं चालू होतं.

पुढे काय, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या तोंडावर दिसायचा. एक दिवस अक्काने भावोजींना जेवायला वाढता वाढता सांगितलं, "हिला पुण्याला पाठवायची. नर्सिंग शिकेल." भावोजींचा घास हातातच राहिला. "लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. अक्का म्हणाली, "लोक आत्ताही म्हणतातच की. निदान शिकल्यावर म्हणतील."

तीन वर्षांनी मी शिकून आले आणि सोलापुरातल्याच बायकांच्या दवाखान्यात लागले. अक्काने एकच अट घातली होती. दवाखान्यातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही आणि ती सोवळ्यात असताना तिला शिवायचं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ओसरीलगतची खोली मला दिली होती. सकाळी मी निघायचे तेव्हा अक्का ओलेत्याने चुलीपुढे असायची, संध्याकाळी मी यायचे तेव्हा मी विटाळलेली असायचे. आम्ही दिवसभरात खूप बोलायचो, पण एकमेकींना स्पर्श असा होत नसे. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं त्याला ही सबब म्हणून मी पुष्कळ वर्षं वापरली.

गावात तीस सालचा मार्शल लॉ येऊन गेल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. चैत्रातली सकाळ होती आणि आठ वाजताच ऊन चटके देत होतं. मी चपला घालत होते. आतून अक्का म्हणाली, "तुझ्या दवाखान्यात खाजेला काही असतं का गं?"

"कुठे येते खाज?"

"अगं, काच आहे. दुसरं काय. गाठ मारते तिथे."

त्या काळी नऊवारी नेसणाऱ्या कुठल्याही बाईच्या कमरेला काच असायचाच. सात-आठ वर्षांच्या मुलीला लुगडं नेसवायचे ते आवळून, आणि मग मरेपर्यंत तीच गाठ त्याच जागी. दळण, पाणी, धुणं, सगळं त्या गाठीच्या जोरावर. त्यात सोलापूरचा उन्हाळा. घामाने आणि ओल्या लुगड्याने तिथली कातडी आधी काळवंडते, मग पांढुरकी पडते, जाड होते, कधी सोलवटते. त्याला कुणी दुखणं म्हणत नसे. हाताला घट्टे पडतात तसा कमरेला काच.

"संध्याकाळी मलम आणते," मी म्हणाले, आणि आणलं. झिंकच्या मलमाची डबी. ती मी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि अक्काने उचलली.

'दाखव बघू' हे दोन शब्द मी म्हणाले नाही.

श्रावणात तिने पुन्हा मागितलं. "ते संपलं गं."

"थांबली नाही का खाज?"

"लावलं की बरं वाटतं."

मी मोठी डबी आणून दिली. दवाखान्यात दिवसाला साठ-सत्तर बायका यायच्या. त्यांतल्या कुणी 'मलम द्या' म्हटलं असतं, तर मी आधी पदर बाजूला करायला लावला असता. आमच्या डॉक्टरीणबाईंची शिस्तच तशी होती. न बघता औषध दिलेलं त्यांना कळलं असतं, तर त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं असतं. पण घर म्हणजे दवाखाना नव्हे, असं माझ्या डोक्यात कुठेतरी बसलं होतं.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सांगोल्याकडची एक मेंढपाळ बाई दवाखान्यात आली. चाळिशीची, उन्हाने रापलेली, कपाळावर मोठं कुंकू. बाकावर बसायला तयार नव्हती, उभीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"हितं फोड आलाय, बाई," तिने उजव्या कमरेवर बोट ठेवलं. "मिटंना झालाय."

"दुखतो?"

"न्हाय दुकत. दुकत न्हाय म्हून तर आले. दुकनारी जकम बरी हुती."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तिला आतल्या टेबलावर आडवी केली. गाठीच्या जागची कातडी पांढरी, चुण्या पडलेली होती आणि त्यात हरभऱ्याएवढी जखम.

"कधीपासून आहे ही?"

"बैलपोळ्याला दिसली. त्याच्या आदी न्हवती."

"नक्की? बायकांना असं नक्की सांगता येत नाही."

ती उठून बसली. "मेंढराचं अंग आमी रोज बगतो, बाई. वरनं काय दिसत न्हाय. लोकर फाकवून बगावं लागतंय, गोचीड हाय का, चट्टा हाय का, कुटं आळ्या पडल्यात का. एक दिस चुकला की मेंढरू गेलं. मंग आपलं अंग आटवड्याला एकदा बगाया काय जातंय? न्हायच्या दिशी बगते. पाट दिसत न्हाय, तितं सुनंला बगाया लावते. पैल्यांदा लाजली सून. आता तीबी मला बगाया लावती."

डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावलं. माझं बोट धरून त्या जखमेच्या कडेवर ठेवलं. "दाब. काय लागतंय?"

"कडक लागतंय."

"आणि कडा बघ, बाहेर वळलेली आहे. नुसती सोलवटलेली जखम अशी नसते. तीन-चार आठवड्यांत मिटत नाही, हात लावला की रक्त येतं, कड जाड होते, अशी जखम दिसली तर मलमं फासत बसायचं नाही. जुना भाजल्याचा व्रण, जुना काच, पायाच्या तळव्याचा डाग, तीळ मोठा होत चाललेला, सगळीकडे हेच लक्षात ठेव."

त्यांनी तिथला बारीक तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवला. पंधरा दिवसांनी पोस्टाने उत्तर आलं. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. कुर्डुवाडीला गाडी बदलून, छोट्या गाडीने तिचा नवरा तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे जखम भोवतालच्या कातडीसकट कापून काढली. दिवाळीनंतर ती आम्हाला भेटायला आली तेव्हा कमरेवर वीतभर व्रण होता आणि तो ती मोठ्या कौतुकाने प्रत्येकीला दाखवत होती.

मुंबईचं उत्तर आलं त्या आठवड्यातल्या रविवारची गोष्ट आहे. दवाखाना बंद होता. दुपारी भावोजी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते. मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं, खिडकी उघडली आणि कुंकवाच्या पेटीतला माझा जुना आरसा काढला. लग्नातली पेटी, कुंकू गेलं तरी आरसा राहिला होता. उजेडात उभी राहून मी लुगडं सोडलं आणि स्वतःचं अंग पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच. आमच्यात अंघोळसुद्धा लुगड्यानिशी व्हायची. आपली कंबर कशी दिसते हे मला चोविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

कमरेभोवती पांढुरका पट्टा होता, पण मऊ. बोटाने दाबत मी तो सगळा तपासला. छातीखाली पाहिलं, काखा पाहिल्या, खाटेवर बसून तळवे पाहिले, बोटांमधल्या बेचक्या पाहिल्या. आरसा खांद्यावरून मागे धरून पाठ पाहिली. डाव्या खांद्यामागे एक तीळ सापडला. तो मला आहे हेही ठाऊक नव्हतं. कडेने गोल, एकाच रंगाचा, खरखरीत नाही. सगळं पाहून झालं, कुठे काही नव्हतं, तेव्हा मी खाटेवर बसून एकटीच हसले. मग लुगडं नेसताना गाठ दोन बोटं वर घेतली आणि सैल मारली.

बाहेरून अक्काची हाक आली. "दार लावून काय करतेयस? चहा निवतोय."

मी बाहेर गेले. आम्ही दोघी ओसरीवर बसून चहा प्यालो. अक्का गौरीला आलेल्या पाहुण्यांबद्दल सांगत होती. मधूनच ती कमरेपाशी हात नेऊन गाठ सारखी करत होती. मी ते पाहत होते. पाहूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. तेव्हा अक्काची दुसरी डबी संपत आली असणार.

असं कसं झालं, याचा मी पुढे हजार वेळा विचार केला. सोवळं होतं, लाज होती, हे खरं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मी फार उशिरा स्वतःशी कबूल केली. हा रोग माळरानात राहणाऱ्यांचा, उन्हातान्हात हिंडणाऱ्यांचा, असं मी मनात धरलं होतं. आमच्या घरात, रोज दोनदा अंघोळ करणाऱ्या माझ्या अक्काला तो होईल हे माझ्या हिशेबातच नव्हतं. स्वतःपुरती मात्र मी घाबरले, कारण माझं बोट त्या कडेवर टेकलं होतं. स्वतःपुरतं पाहिलं आणि सुटले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळीच न्हाऊन मी अक्काच्या हाताखाली स्वयंपाकघरात बसले होते. ती तीळ भाजत होती, मी गूळ चिरत होते. बाहेर गड्ड्याच्या जत्रेला जाणाऱ्यांची वर्दळ होती. अक्का डबा काढायला माझ्या अंगावरून वाकली आणि तिळाच्या खमंग वासातून मला दुसरा वास आला. तो वास ज्याने रोज हुंगलाय त्याला सांगावा लागत नाही.

मी विळी आडवी केली. "अक्का, ऊठ."

"काय झालं?"

"मधल्या खोलीत चल."

"अगं, तीळ करपतील. आणि मी सोवळ्यात—"

"ऊठ म्हणते ना!"

मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ती मुकाट्याने आली. मी खिडकी सताड उघडली आणि तिच्या लुगड्याची गाठ माझ्या हाताने सोडली. गाठीखाली जुन्या धोतराची चौपदरी घडी होती, हळदीने पिवळी झालेली, ओली. घडी काढली. अर्ध्या तळहाताएवढी जखम होती. कड बाहेर वळलेली, कडक. त्यावर माझंच पांढरं मलम होतं. मग मी तिच्या जांघेत बोटं फिरवली. तिथे सुपारीएवढ्या दोन गाठी हाताला लागल्या.

"पाणी कधीपासून येतंय?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

अक्काला खरंच आश्चर्य वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला सांगितलं होतं की. तू मलम दिलंस ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच. घरात शिकलेली बहीण आहे, तिने औषध दिलंय, म्हणजे ते लावत राहायचं. मी तिथेच तिच्या पायाशी बसले. स्वयंपाकघरातून तीळ करपल्याचा वास यायला लागला, तरी आम्ही दोघी हललो नाही.

डॉक्टरीणबाई त्याच दुपारी घरी आल्या. तपासून झाल्यावर हात धुताना त्यांनी विचारलं, "हिने तुला कधी काही म्हटलं नव्हतं?" मी सांगितलं, दोनदा म्हटलं होतं. त्या मला झापतील असं वाटलं. त्यांनी नुसता टॉवेल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मिरजेची तयारी कर."

भावोजी, अक्का आणि मी त्याच छोट्या गाडीने गेलो. पंढरपूर गेल्यावर अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "किती वर्षांनी प्रवास घडतोय." मिरजेच्या डॉक्टरांनी जखम काढली, जांघेतल्या गाठी काढल्या. महिनाभर आम्ही तिथे होतो. निघताना ते मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाले की त्यांनी हाताला लागलं तेवढं काढलं आहे, पण चार महिने आधी आली असती तर बोलणं वेगळं असतं. चार महिने. मी बोटं मोजली. चार महिने मागे गेलं की तो रविवार येत होता, खिडकीपाशी आरसा घेऊन मी उभी होते तो.

होळीच्या सुमाराला आम्ही घरी आलो. उन्हाळा बरा गेला. अक्का पुन्हा चुलीपुढे बसू लागली, पण लुगडं आता मीच नेसवायचे, गाठ डावीकडे, सैल. रोज सकाळी मी तिचं ड्रेसिंग करायचे. सोवळं कधी सुटलं ते आम्हाला दोघींना कळलं नाही. एकदा पट्टी बांधताना ती म्हणाली, "लहान होतीस तेव्हा माझ्या कडेवरून उतरायची नाहीस. मग शिवेनाशीच झालीस. आता परत रोज शिवतेस."

"तूच अट घातली होतीस."

"घातली होती खरी," ती म्हणाली. "मोडायची होतीस."

आषाढात व्रण पुन्हा उकलला. या वेळी मिरजेहून पत्राने उत्तर आलं, ते मी भावोजींना वाचून दाखवलं नाही. नवरात्राच्या आधी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिला विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "अक्का, मी तेव्हा 'दाखव' म्हटलं असतं, तर दाखवलं असतंस?"

ती म्हणाली, "नसतं दाखवलं. काचच तो, त्यात काय दाखवायचं? उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

अक्का सहसा खोटं बोलत नसे. तिला ते येतच नसे. खोटं बोलताना ती नजर खाली घालून लुगड्याचा काठ चाचपायची, तशी तेव्हा चाचपत होती.

कार्तिकात ती गेली.

त्यानंतर मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायला लागले. आठवड्यातून एकदा, न्हायच्या दिवशी, उजेडात उभं राहून आपलं अंग बघायचं. गाठीखालचं बोटाने दाबून बघायचं. पाठ दिसत नसेल तर घरातल्या बाईला बघायला सांगायचं. गाठ रोज थोडी सरकवायची, आवळायची नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. विणकरांच्या वस्तीतल्या बायकांसाठी मी तेवढ्यापुरतं तेलुगू शिकले. माझे उच्चार ऐकून त्या आणखी हसायच्या, पण ऐकायच्या. ती सांगोल्याची मेंढपाळ बाई वर्षातून एकदा व्रण दाखवायला यायची, तेव्हा बाकावर बसलेल्या बायकांना ती पाच मिनिटांत जे समजावून द्यायची ते मला तासात जमत नसे. दोन-तीन बायका वेळेत आल्या, बऱ्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, तुझ्यामुळे आल्या. मला ते ऐकवत नसे.

भावोजी पुढे पुष्कळ वर्षं जगले. मी त्यांच्याबरोबरच राहिले, त्यांचं जेवणखाण पाहिलं. अक्काच्या पहिल्या वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तिला फार दिवस त्रास होता का गं? मला कधी बोलली नाही."

मी पानं उचलत होते. मी म्हणाले, "नाही. एकदम वाढलं ते."

त्यांचा चेहरा थोडा निवळला. त्यानंतर कुणीही पाहुणा आला आणि अक्काचा विषय निघाला की ते म्हणायचे, "शिकलेली मेव्हणी घरात होती म्हणून तिची एवढी तरी देखभाल झाली." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चहा आणायला आत जायचे. खरं सांगायचं मी कितीदा ठरवलं, एकदा तर त्यांच्यासमोर जाऊन बसलेसुद्धा. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "काय गं?" आणि मी भाजीचं विचारून उठले. आता तेही नाहीत.